अर्थशास्त्राच्या वर्गात एक कांदापट्टी

फेब्रुवारी 2023. सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याचा 512 किलो कांदा विकला गेला. दर पडला किलोला 1 रुपया. मोटारभाडं, हमाली, तोलाई मिळून 509 रुपयांच्या वर कपात झाली आणि त्याच्या हातात पडला 2 रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. विक्रीच्या हिशोबाच्या त्या पट्टीचा फोटो तेव्हा महाराष्ट्रभर मोबाइलवर फिरला. कुणी हळहळलं, कुणी विनोद केले. मी तो छापून वर्गात नेला, आणि तेव्हापासून अर्थशास्त्राचा पहिला तास त्याच्यावरच घेतो.

तुम्ही बी.ए. किंवा बी.कॉम.ला अर्थशास्त्र शिकवत असाल तर तुम्हालाही हेच सुचवीन. पहिल्या तासाला रॉबिन्सची व्याख्या नको, मार्शलचीही नको. फळ्यावर पाच ओळी लिहा : वजन, दर, एकूण, कपात, हाती आले. मग खडू खाली ठेवा आणि विचारा, हे असं का झालं?

ग्रामीण भागातल्या कॉलेजात या प्रश्नाला उत्तरं यायला वेळ लागत नाही. ‘आवकच एवढी झाली.’ ‘व्यापारी संगनमत करतात.’ ‘सरकार निर्यात करू देत नाही.’ ‘माल हलका असणार.’ ‘त्याच्याकडे चाळ नसेल, असती तर थांबला असता.’ ‘लाल कांदा चाळीत टिकतच नाही, थांबणार कसा?’ ‘एवढ्या भावात न्यायचाच कशाला?’ शहरातल्या कॉलेजात एखादी मुलगी हमखास म्हणते, ‘पण आमच्याकडे तर कांदा 20 रुपयांनीच मिळत होता!’ प्रत्येक उत्तर जसंच्या तसं फळ्यावर लिहा, शेजारी बोलणाऱ्याचं नाव लिहा, आणि त्या दिवशी काहीही समजावून सांगू नका. पुढच्या सत्रभर तुम्हाला जे विचारप्रवाह शिकवायचे आहेत, त्यांतले बहुतेक कच्च्या स्वरूपात त्या फळ्यावर आलेले असतात. पोरांना त्यांची नावं माहीत नसतात, एवढंच.

मी हे उलट बाजूने करून पाहिलं होतं. बरीच वर्षं झाली. नवा उत्साह होता. फळ्यावर मोठा तक्ता काढला. सात रकाने : अभिजात, नवअभिजात, मार्क्सवादी, केन्सवादी, संस्थात्मक, ऑस्ट्रियन, स्त्रीवादी. खाली प्रवर्तक, ग्रंथ, गृहीतं, टीका. वर्गाने मुकाट्याने उतरवून घेतला. सहामाहीला त्यावर प्रश्न टाकला, तर सगळ्या पेपरांत तोच तक्ता, माझ्या चुकीसकट. कॅलेकीचं जन्मवर्ष मी घाईत चुकीचं लिहिलं होतं. पोरांनी ते इमानाने जपलं होतं. पेपर तपासून झाल्यावर एका मुलाने विचारलं, ‘सर, पण यातलं खरं कुणाचं?’ मी काहीतरी गुळमुळीत बोललो. त्या तक्त्यात या प्रश्नाला जागाच नव्हती. वनस्पतिशास्त्रात पानांचे प्रकार शिकवतात तसे मी विचारप्रवाह शिकवले होते.

म्हणून पहिला नियम असा, की विचारप्रवाहांचं वेगळं प्रकरण करू नका. एक प्रश्न घ्या आणि तो प्रश्न कोण कुठून धरतो, ते दाखवा.

ही मागणी काही माझ्या डोक्यातून आलेली नाही. 2000 साली पॅरिसमधल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी, आम्हाला शिकवलं जातं ते स्वतःतच गुंग झालेलं शास्त्र आहे, असं जाहीर पत्रक काढलं. 2 नोव्हेंबर 2011 रोजी हार्वर्डमध्ये ग्रेगरी मॅन्क्यू यांच्या प्राथमिक अर्थशास्त्राच्या वर्गातून काही विद्यार्थी उठून निघून गेले. एकच बाजू शिकवता, ही तक्रार. (याच मॅन्क्यूंचं पाठ्यपुस्तक आपल्याकडेही अनेक विद्यापीठांच्या संदर्भयादीत असतं.) 2014 मध्ये अनेक देशांतल्या विद्यार्थी संघटनांनी मिळून खुलं पत्र लिहिलं आणि सिद्धान्त, पद्धती आणि इतर विद्याशाखांशी संबंध, या तिन्हींमध्ये विविधता मागितली. 2008 च्या आर्थिक अरिष्टाने त्यांचा आवाज वाढवला होता.

पण हे वर्गात सांगाल तेव्हा पॅरिसपासून सुरुवात करू नका, पुण्यापासून करा. 1892 मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी डेक्कन कॉलेजात ‘इंडियन पोलिटिकल इकॉनॉमी’ या विषयावर व्याख्यान दिलं. इंग्रजी ग्रंथांतलं अर्थशास्त्र सर्व काळी, सर्व देशांत लागू पडतं, हेच त्यांनी नाकारलं. स्वहित पाहणारी सुटी व्यक्ती, हवं तिथे जाणारं भांडवल, हवं तिथे जाणारे मजूर ही त्या शास्त्राची गृहीतं इथल्या जातीत, कुळात, गावात अडकलेल्या समाजाला बसत नाहीत, असं ते म्हणाले आणि आधाराला जर्मनीच्या फ्रीडरिश लिस्टला घेऊन आले. सरकारी न्यायाधीशाने, साहेबाच्या राज्यात, साहेबाच्या शास्त्राला लावलेला हा प्रश्न पॅरिसच्या पत्रकाच्या 108 वर्षं आधीचा आहे. नव्या अभ्यासक्रमात भारतीय ज्ञानप्रणालीच्या तासांना काय शिकवायचं, म्हणून अनेक सहकारी थेट कौटिल्य गाठतात. कौटिल्य शिकवा, पण रानडे, दादाभाई, फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ आणि आंबेडकरांचं ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ यांनाही त्याच तासांत जागा होते.

आता पुन्हा पट्टीकडे.

सुरुवात नवअभिजात विश्लेषणापासून करा, आणि ते मनापासून, पूर्ण ताकदीने शिकवा. विविधता शिकवायला निघालेले शिक्षक इथेच घसरतात. मागणी-पुरवठा दोन तासांत उरकायचा आणि लगेच ‘पण हे सगळं अवास्तव आहे’ म्हणायचं. ज्याला लवचीकता काढता येत नाही त्याने नवअभिजातांवर टीका करू नये, हे माझं मत वर्गात मी उघड सांगतो. कांद्याला मागणी फार लवचीक नसते. स्वस्त झाला म्हणून कुणी दुप्पट खात नाही. उदाहरणापुरती लवचीकता 0.4 धरा. आवक 10 टक्क्यांनी वाढली तर भाव किती पडेल? 25 टक्के. मग शेतकऱ्यांच्या हातात मिळून पैसे किती आले? माल 110, भाव 75, म्हणजे आधीच्या 100 च्या जागी साडेब्याऐंशी. पीक चांगलं आलं म्हणून गाव गरीब झालं. हे गणित पोरांनी वहीत स्वतः केलं की ती एकमेकांकडे बघतात. लवचीकता या शब्दाचा अर्थ त्यांना तिथे कळतो, पुस्तकातल्या मीठ-मोटारीच्या उदाहरणात कळत नाही.

‘न्यायचाच कशाला?’ या उत्तराला तर सोन्याचं मोल आहे. पाठ्यपुस्तकात उत्पादन बंद करण्याचा बिंदू असतो : किंमत सरासरी बदलत्या खर्चाखाली गेली की उत्पादन थांबवावं. वर्गाला विचारा, कांद्यात रोटाव्हेटर फिरवलेला कुणी पाहिलाय? निम्मे हात वर येतात. तो शेतकरी वेडा नव्हता. काढणी, कापणी, गोणी आणि भाडं यांचा खर्च भावापेक्षा जास्त होतोय, असा हिशोब त्याने केला होता. बिंदू शेतातच दिसतो.

मग सोलापूरला गेलेल्याने माल का नेला? इथून दुसरा विचारप्रवाह सुरू होतो, आणि पोरांना तो तुम्ही आणला असं वाटत नाही, प्रश्नातूनच निघाला असं वाटतं. घरून निघताना भाव माहीत नसतो. भाव यार्डात ठरतो. गाडी यार्डात शिरली की भाडं बुडालेलंच. माल परत न्यायचा तर दुसरं भाडं. त्या क्षणी त्याची घासाघीस करण्याची ताकद संपलेली असते. हे ओळखायला मागणी-पुरवठ्याच्या दोन रेषा पुरत नाहीत. लिलाव कसा होतो, कुठे ट्रॉलीसमोर उघडा आणि कुठे अडत्यामार्फत गोणीवर, बोली लावणारे किती, त्या बाजाराचे नियम कुणी केले, हे बघावं लागतं. कॉमन्स, व्हेब्लेनपासून कोस, नॉर्थपर्यंत संस्थात्मक विचारांची मंडळी इथे बोलायला लागतात. इथे महाराष्ट्राचा 1963 चा कृषी उत्पन्न पणन कायदा आणा, 2016 मध्ये फळं-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडे वळवली तो बदल आणा. आणि पट्टीतली एक बारीक गोष्ट दाखवा : हमाली, तोलाई, भाडं गोणीवर किंवा वजनावर ठरतं, भावावर ठरत नाही. भाव 20 रुपये असताना जी कपात डोळ्यात येत नाही, तीच भाव 1 रुपया झाला की सगळं खाऊन टाकते.

एका वर्षी मी या कपातीबद्दल जरा तावातावाने बोलत होतो. शेवटच्या बाकावरचा मुलगा उठला. ‘सर, त्यातली हमाली माझ्या वडिलांची.’ वर्ग गप्प झाला. मीही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पट्टी पुन्हा वाचली, या वेळी वर्गाच्या नजरेने; शाळेतल्या नाही, समाजातल्या वर्गाच्या. मार्क्सवादी विश्लेषण विचारतं की या 512 किलोंमधलं श्रम कुणाकुणाचं, आणि त्या श्रमातून निघालेलं मूल्य कुणाकडे जमा झालं? हमालीची ओळ ही कुणाची तरी मजुरी आहे, आणि ती सुखासुखी मिळालेली नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना उभं केलं, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत बांधली, 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. म्हणजे पट्टीवर दोन कष्टकरी समोरासमोर उभे आहेत आणि व्यापारी भांडवल मात्र त्या कागदावर दिसतच नाही. चाळ असलेला आणि नसलेला, कर्ज असलेला आणि नसलेला, हे सगळे ‘शेतकरी’ या एका शब्दाखाली येतात का? ही चर्चा मी शिकवून झाली नसती. ती त्या मुलाने करून दिली.

स्त्रीवादी अर्थशास्त्राला अभ्यासक्रमात बहुधा एखादी टीप मिळते. पट्टीवर ते एका प्रश्नाने येतं : लागवडीला कोण वाकलं होतं, आणि कांदे कापायला कोण बसलं होतं? बाहेरच्या बायका असतील तर मजुरी दिली गेली. घरातली सासू-सून असेल तर खर्चात शून्य. आता कृषिमूल्य आयोगाचे खर्चाचे प्रकार सांगा. ‘ए-2’ म्हणजे रोख आणि वस्तुरूपाने प्रत्यक्ष झालेला खर्च. त्यात घरच्यांच्या श्रमाची मानीव किंमत मिळवली की ‘ए-2 अधिक एफएल’, आणि स्वतःच्या जमिनीचा खंड, भांडवलाचं व्याज धरलं की ‘सी-2’. कोणता खर्च ‘खरा’ मानायचा, यावर गेली अनेक वर्षं हमीभावाचं राजकारण चाललंय. कांद्याला हमीभाव नाही, पण मुलांना घरच्या कांद्याचा हिशोब या तिन्ही रीतींनी मांडायला लावा. तीन वेगळे आकडे येतात आणि त्यांतल्या दोनांत आई असते, एकात नसते.

केन्स आणि कॅलेकीसाठी प्रश्न वेगळा : कांदा रुपयावर आला, मग त्याच आठवड्यात ट्रॅक्टर स्वस्त का नाही झाला? शेतमालाचा भाव मागणीवर हलतो, कारखान्याचा माल खर्चावर नफा चढवून विकला जातो, हा कॅलेकीने केलेला भेद. तो एकदा कळला की महागाईवरचं पुढचं प्रकरण निम्मं झालेलं असतं. केन्सकडून एकच गोष्ट घ्या : जे एकाला शहाणपणाचं, ते सगळ्यांनी केलं की घातक होतं. गेल्या हंगामात भाव होता म्हणून प्रत्येकाने थोडा जास्त कांदा लावला, कुणाचंच चुकलं नाही, आणि सगळे बुडाले. कोळ्याच्या जाळ्याची आकृती, जी एझिकिएलने 1938 मध्ये मांडली, ती याच जागी काढा. पर्यावरणीय आणि वर्तनवादी अर्थशास्त्रावर मी पट्टीत फार वेळ घालवत नाही. त्यांना भूजल आणि भिशी ही जास्त चांगली उदाहरणं आहेत.

ऑस्ट्रियन विचार आपल्याकडे एक तर शिकवलाच जात नाही, नाही तर खलनायक म्हणून शिकवला जातो. हायेकचा 1945 चा निबंध म्हणतो की भाव म्हणजे विखुरलेल्या माहितीची तार. 1 रुपया ही क्रूर तार आहे, पण ‘पुढल्या वर्षी इतका लावू नका’ हे ती गावागावांत पोहोचवते. सरकार मध्ये पडलं की तार तुटते. इथे शरद जोशींना आणा. 1978 च्या चाकणच्या आणि 1980 च्या नाशिकच्या कांदा आंदोलनाचा हा नेता रस्त्यावर उतरणारा, तुरुंगात जाणारा, आणि तरीही शेतमालाचा बाजार खुला करा म्हणणारा, डंकेल प्रस्तावाला पाठिंबा देणारा. शेतकऱ्याला दिली जाते ती उणे सबसिडी, असा त्यांचा हिशोब. आंदोलन म्हटलं की डावं आणि खुला बाजार म्हटलं की शेठजीचं, ही पोरांच्या डोक्यातली कप्पेबंदी जोशींचं एखादं भाषण वाचल्यावर मोडते. ते मराठीत आहे, हा आणखी फायदा.

इथपर्यंत सात-आठ तास होतात. आणि आता तो जुना प्रश्न पुन्हा येतो : खरं कुणाचं?

‘सगळ्यांचंच थोडं थोडं’ हे उत्तर स्वीकारू नका. माझ्याकडे त्याला निम्म्याहून कमी गुण मिळतात. विविध विचारप्रवाह शिकवायचे म्हणजे सर्वधर्मसमभावाची सभा घ्यायची नाही. प्रत्येक बाजूला विचारायचं, की काय दिसलं तर तुम्ही आपलं म्हणणं मागे घ्याल? ‘निर्यातबंदीमुळे भाव पडला’ म्हणणाऱ्याला तारखा बघायला लावा. फेब्रुवारी 2023 मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी नव्हती. 40 टक्के निर्यातशुल्क लागलं ते त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये, आणि बंदी आली 8 डिसेंबरला. म्हणजे या पट्टीपुरतं ते स्पष्टीकरण बाद. पण डिसेंबर 2023 मधल्या पट्टीला तेच स्पष्टीकरण लागू पडू शकतं. ‘आवक वाढली म्हणून’ म्हणणाऱ्याला पणन मंडळाच्या किंवा ॲगमार्कनेटच्या संकेतस्थळावरून त्या महिन्याची लासलगाव, पिंपळगाव, सोलापूर, पुणे इथली रोजची आवक आणि भाव काढायला सांगा. सगळीकडे सारखाच पडला असेल तर पुरवठ्याची बाजू भक्कम. सोलापुरातच पडला असेल तर तिथल्या बाजाराकडे बघावं लागेल. व्यापाऱ्याचं म्हणणं माल हलक्या प्रतीचा होता, असं तेव्हा छापून आलं होतं. मग किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव यांत अंतर किती होतं ते बघा. हे सगळं फुकट मिळतं, मोबाइलवर मिळतं, आणि अंतर्गत मूल्यमापनाच्या प्रकल्पाला पुरून उरतं.

काही प्रश्न मात्र आकड्यांनी सुटत नाहीत, हेही सांगा. घरच्या बाईचं श्रम खर्चात धरायचं की नाही, हा मोजणीचा प्रश्न वाटतो, पण आधी तो काय महत्त्वाचं मानायचं याचा असतो. कोणता वाद पुराव्याने मिटण्यासारखा आहे आणि कोणता नाही, एवढं ज्याला वेगळं करता आलं, त्याला मी पहिला वर्ग देईन.

‘हे ठीक आहे, पण अभ्यासक्रम कधी संपवू?’ हा तुमचा प्रश्न मला ऐकू येतो. वेगळे तास मागू नका, मिळणार नाहीत. वर सांगितलेलं सगळं लवचीकता, खर्च, बाजाराचे प्रकार, घटककिंमत या नेहमीच्या घटकांतच बसतं. फक्त क्रम बदलतो. सत्राला एक वस्तू पुरते. सूक्ष्म अर्थशास्त्राला कांदापट्टी, तर स्थूल अर्थशास्त्राला तुमचं स्वतःचं पगारपत्रक.

त्यात व्यवसायकराचे 200 रुपये कापलेले असतात, फेब्रुवारीत 300, वर्षाला 2,500. आपल्यातल्या किती जणांना माहीत असतं की हा कर 1975 मध्ये आला तो रोजगार हमीसाठी? 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेला जोर आला, 1977 मध्ये कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. शहरातल्या पगारदाराने कर भरायचा आणि खेड्यात मागेल त्याला काम द्यायचं. हे पगारपत्रक (आकडे झाकून हवं तर) वर्गाला दाखवा आणि विचारा, हे 200 रुपये कुठे जातात, त्याने काय होतं? केन्सवाला म्हणेल, खर्च करणाऱ्याच्या हातात पैसा गेला, दुकानं चालली. दुसरा म्हणेल, शेतावरची मजुरी वाढली, मजूर मिळेनात. तिसरा विचारेल, आधी मजुरी इतकी कमी होती ती मजूर जास्त होते म्हणून, की गावात काम देणारे दोनच होते म्हणून? दुसऱ्या शक्यतेला जोन रॉबिन्सनने 1933 मध्ये नाव दिलं होतं. चौथा म्हणेल, बेकारांची फौज पाटलाच्या दारात उभी असते तोवरच त्याची सत्ता. आणि खडी फोडायला बायकाच जास्त का येत होत्या, हे कुणी विचारलं नाही तर तुम्ही विचारा.

‘भारतीय अर्थव्यवस्था’ शिकवणाऱ्यांचं काम सर्वांत सोपं. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेवर आपण महालनोबिसांचं प्रतिमान शिकवतो आणि पुढे जातो. मुंबई विद्यापीठातल्या वकील आणि ब्रह्मानंद यांनी 1956 मध्ये यंत्रांआधी धान्य-कापड अशा मजुरांच्या गरजेच्या वस्तू वाढवा म्हणून मांडणी केली होती, बी. आर. शेणॉय यांनी 1955 मध्येच तुटीच्या अर्थभरण्यावर भिन्नमतपत्रिका लिहिली होती आणि कुमारप्पांना हा सगळा रस्ताच मान्य नव्हता. वर्गाचे चार गट करा, प्रत्येकाला एक बाजू द्या. एक अट घाला : बोलण्याआधी प्रत्येक गटाने समोरच्याचं म्हणणं असं मांडून दाखवायचं, की समोरचा म्हणेल, ‘हो, हेच म्हणायचंय आम्हाला.’ ते जमेपर्यंत खंडन करायला परवानगी नाही. पहिल्यांदा हे भयानक वाईट होतं. तिसऱ्यांदा बरं होतं.

ही अट मी आंबेडकरांच्या पुस्तकावरून घेतली. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ 1923 मध्ये निघालं, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला त्यांचा प्रबंध. केन्सने 1913 च्या पुस्तकात ज्या सुवर्ण विनिमय पद्धतीची भलावण केली, तिच्यावर आंबेडकरांनी हल्ला चढवला होता. रुपया किती पाडायचा हे सरकारच्या मर्जीवर राहतं, हा मुख्य आक्षेप. प्रस्तावना लिहिली त्यांचे शिक्षक एडविन कॅनन यांनी. तीत ते सांगतात की या पद्धतीबद्दलचा लेखकाचा राग मला नाही, त्याचे बहुतेक युक्तिवाद मला पटत नाहीत, पण काही घाव त्याने अचूक घातलेत आणि जिथे तो चुकला असं वाटलं तिथेही त्याच्या विचारांतला ताजेपणा मला भावला. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या आंबेडकरांच्या लेखन-भाषणांच्या सहाव्या खंडात हे पुस्तक आहे आणि तो खंड बहुतेक कॉलेजांच्या ग्रंथालयात धूळ खात पडलेला असतो. प्रस्तावना जेमतेम काही पानांची. एका तासात वर्गात वाचून होते. माझ्या बाकी वाचनाच्या शिफारशी थोड्याच आहेत : इंग्रजी जमत असेल तर हा-जून चांगचं 2014 चं ‘इकॉनॉमिक्स : द यूजर्स गाइड’, कोअर गटाचं ‘द इकॉनॉमी’ हे इंटरनेटवर फुकट मिळणारं पाठ्यपुस्तक, आणि मराठीत ‘अर्थसंवाद’चे जुने अंक.

परीक्षा बदलली नाही तर यातलं काहीच टिकत नाही. पोरं हुशार असतात. गुण कशाला आहेत ते बघतात आणि तेवढंच करतात. विद्यापीठाचा पेपर आपल्या हातात नसतो, पण अंतर्गत गुण असतात. ‘टीपा लिहा : संस्थात्मक अर्थशास्त्र’ हा प्रश्न त्यातून काढून टाका. त्याऐवजी एक अनोळखी पट्टी द्या, कापसाची, दुधाची, रिक्षावाल्याच्या ॲपवरच्या दिवसाच्या कमाईची, आणि लिहा : ‘या कागदाचं दोन विचारप्रवाहांनी स्पष्टीकरण करा. ते दोघे कुठे भांडतील, आणि भांडण मिटवायला कोणती माहिती गोळा कराल?’ गाइडमध्ये याचं उत्तर नसतं. पहिल्या वर्षी निकाल पडेल, विभागप्रमुख बोलावतील, पालकही येतील कदाचित. म्हणून पहिल्या वर्षी दहा गुणांपुरतंच करा.

आणि स्वतःचं मत लपवू नका. मी सत्राच्या शेवटच्या आठवड्यात सांगतो की मला या पट्टीबाबत संस्थात्मक स्पष्टीकरण सर्वांत पटतं आणि का पटतं. आधी सांगितलं तर वर्ग तेच लिहितो. कधीच सांगितलं नाही तर पोरांना वाटतं की सर घाबरतात.

दिवाळीच्या सुटीत प्रत्येकाला घरून एक पट्टी आणायला सांगा. शेतमालाची नसेल तर दुधाच्या डेअरीची, आईच्या बचतगटाची, वडिलांच्या पगाराची, ऑनलाइन डिलिव्हरी करणाऱ्या भावाची. वर्गात लावण्याआधी नावावर, खातेक्रमांकावर कागद चिकटवून झेरॉक्स काढा, आणि मूळ कागद त्याच दिवशी परत द्या. घरी त्याची गरज असते. ज्यांनी काहीच आणलं नाही त्यांना ओरडू नका. माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती. तिने मागाहून सांगितलं की त्या वर्षी त्यांनी कांदा बाजारात नेलाच नव्हता.

तिला मी फळ्यापाशी बोलावलं आणि तो बिंदू काढायला सांगितला.